निनावे

गुरुवारी तीन वाजता, स्त्री कक्ष सातच्या व्हरांड्यात
आम्ही सतरंजी टाकतो.
नागपूरचा मे. कूलरच्या वाळ्याला ओला वास,
पंप मधूनच बंद पडतो.
पेन्सिली मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या,
टोक फार काढायचं नाही, असा नियम आहे.
त्या मोजतात धुरपता मावशी.
लिहू द्यावं यांना, ही कल्पना माझी.

बिलकीस आपा फक्त स्वयंपाक लिहितात,
आणि प्रत्येक ओळीत कुणाला तरी वाढतात.
सगुणा ढोकनं लिहिलं:
मारबत निघाली तवा गल्लीतले पोट्टे
माह्याकडे पाहून ओरडले, घेऊन जा गे मारबत.
मंग मी गेली.

आणि चौदा नंबरची खाट.
अनोळखी स्त्री, वय अंदाजे पंचेचाळीस,
इतवारी स्टेशनच्या फलाटावरून पोलिसांनी आणलेली.
बोलत नाही. नातेवाईक: निरंक.
ती दर गुरुवारी एकच शब्द लिहायची,
दाबून, रेघेला नीट टेकवून:
निनावे.

मी इस्लामपूरचा. मला भरून आलं.
समासात लिहिलं, ‘नाव हरवल्याची जाणीव शाबूत.
अनेकवचन लक्षणीय.’
शनिवारच्या बैठकीत तो कागद मी फिरवला.
कुणी चहाला हात लावला नाही.
सर म्हणाले, यावर लेख होईल.
मी लेखाचा मथळासुद्धा ठरवला होता.

नवव्या गुरुवारी
पेन्सिली गोळा करताना मावशी वाकल्या.
‘सर, हे तं आडनाव हाये.’
‘कुणाचं?’
‘कोनाचं म्हंजे? कोष्ट्याइचं. आमच्या पाचपावलीत
दगड मारला तं निनावेच्याच घरावर पडते.
काहून, तुमाले मालूम नाई?’
मग तिच्याकडे वळून, पाणी भरताना विचारावं तसं,
‘निनावेची हायेस ना वं? कोन्या गल्लीतली?’

मागून कुणी हाक मारल्यावर माणूस वळतं
तशी ती वळली.
‘हाव,’ म्हणाली.

पंप सुरू झाला.
मी आत जाऊन केसपेपर काढला.
‘अनोळखी’वर रेघ मारली. ‘लक्षणीय’वरही.
नऊ आठवडे बाई आपलं नाव सांगत होती,
आणि मी दाद देत होतो.

पहिलं नाव तिनं आणखी तीन आठवडे दिलं नाही.
दिलं तेव्हा कागदावरच, कोपऱ्यात: अंजना.
खाली पाच ओळी.
माग इकला. खड्डा बुजवला.
त्याच्यावर टीव्ही ठेवला.
तवापासून रात्री कानात धोटा चालते.
कोनाले आयकू येत नाई.

‘कानात आवाज’ यासाठी आमच्याकडे रकाना आहे.
तो मी भरला. भरावाच लागतो.
मग खुर्ची ओढून विचारलं, कोणत्या बाजूनं चालतो?
तिनं हवेत हात नेऊन दाखवला,
डावीकडून उजवीकडे. थांबून, परत.
गोळी मी वाढवली नाही. कमीही केली नाही.
रात्रपाळीच्या नर्सला एवढंच सांगितलं
की दोन वाजता ती उठून बसली
तर लगेच झोपवू नका.

काल तिनं मला विचारलं,
‘तुमचं आडनाव काय हो?’
‘शिरगुप्पे.’
‘असं कुठं आडनाव रायते?’
आणि हसली, पदर तोंडाला लावून, चांगली खोकला येईपर्यंत.
माझ्याकडून अक्षरं विचारून घेतली,
आपल्या नावाखाली लिहिलं. प्प थोडा चुकला.
मी दुरुस्त केला नाही.

चार वाजता मोजणीत एक पेन्सिल कमी भरली.
मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि डबा बंद केला.
‘मीच चुकली असन मोजाले.’